पाहुण्याचं पान

१९२० चं साल सरत आलं होतं आणि हर्बर्ट हूव्हर यांच्या कचेरीत हिशेब जुळत नव्हता. पोलंडपासून ऑस्ट्रियापर्यंत आणि बाल्टिकच्या किनाऱ्यापासून युगोस्लाव्हियापर्यंत त्यांच्या संस्थेची मुलांची भोजनकेंद्रं चालू होती. लाखो मुलांना दिवसातून एकदा गरम जेवण मिळत होतं. पुढचं पीक हाती यायला उन्हाळा उजाडणार होता आणि पैसा त्याच्या कितीतरी आधी संपणार होता. महायुद्ध थांबून दोन वर्षं झाली होती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नुकतीच पार पडली होती, शेतमालाचे भाव कोसळत होते, आणि परक्यांच्या दुःखाबद्दल ऐकून ऐकून लोक थकले होते. अशा वेळी त्यांच्यापुढे पुन्हा हात पसरायचा होता.

हूव्हर राष्ट्राध्यक्ष झाले ते पुढे, १९२९ मध्ये. तेव्हा जग त्यांना ओळखत होतं ते वेगळ्याच कामामुळे. आयोवातल्या वेस्ट ब्रँच या खेड्यात १८७४ मध्ये एका क्वेकर लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहा वर्षांचे होण्याआधीच आई-वडील दोघंही गेले आणि नातेवाइकांकडे ते लहानाचे मोठे झाले. खाणींचे अभियंता म्हणून ऑस्ट्रेलियात आणि चीनमध्ये त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ते लंडनमध्ये होते. बेल्जियम जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला होता, समुद्र ब्रिटिशांनी अडवला होता, आणि मध्ये सापडलेल्या लोकांना धान्य देण्याची जबाबदारी दोन्ही बाजू एकमेकांवर ढकलत होत्या. हूव्हर यांनी दोन्ही सरकारांशी बोलणी केली, जहाजं मिळवली, त्या जहाजांवर स्वतःच्या मदत आयोगाचं निशाण लावलं आणि बेल्जियम व उत्तर फ्रान्समधल्या नव्वद लाखांहून अधिक लोकांना युद्ध संपेपर्यंत अन्न पुरवलं. त्याआधी एवढं मोठं काम कोणत्याही खासगी मंडळानं केलेलं नव्हतं.

युद्ध संपलं, पण जर्मनीची नाकेबंदी लगेच उठली नाही. ती पूर्णपणे सुटायला जुलै १९१९ उजाडला. ऑस्ट्रिया-हंगेरीचं जुनं साम्राज्य फुटलं होतं. नव्या सीमांवर नवी नाकी बसली होती. व्हिएन्नाला दूध आणि गहू पुरवणारे प्रांत एकाएकी परदेश झाले होते. लंडनमध्ये एग्लंटाइन जेब या बाईंनी उपाशी ऑस्ट्रियन मुलांच्या छायाचित्राची पत्रकं वाटली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंड बसला. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानंच त्या दंडाची रक्कम देऊ केली आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेची ती पहिली देणगी ठरली. शत्रूच्या मुलांना जेवू घालावं की नाही, हा प्रश्न त्या वर्षी न्यायालयापर्यंत गेला होता, एवढं यावरून ध्यानात यावं.

फेब्रुवारी १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं युरोपच्या मदतीसाठी दहा कोटी डॉलर दिले आणि ‘अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशन’ उभी राहिली. काही महिन्यांत सरकारी मुदत संपली. मुलांचं काम तेवढं हूव्हर यांनी खासगी संस्था म्हणून चालू ठेवलं. हे काम कसं चालायचं ते नीट पाहिल्याशिवाय त्याच्या पैशासाठी पुढे झालेल्या एका मेजवानीचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक देशात अमेरिकी माणसं मोजकी असत. स्वयंपाक, वाढप, भांडी, नोंदवही हे सगळं गावोगावच्या समित्या पाहत. त्यांत शिक्षिका होत्या, डॉक्टर होते, धर्मगुरू होते, आणि मुख्य भार घरोघरच्या बायकांवर होता. गोदाम, रेल्वे, जळण आणि जमेल तेवढं पीठ-साखर तिथल्या सरकारनं द्यायचं. समुद्रापलीकडून यायचे तांदूळ, कडधान्यं, आटवलेलं दूध, कोको, चरबी. आधी डॉक्टर मुलाला तपासणार, मग त्याला पत्रिका मिळणार, आणि जेवणाच्या वेळी त्या पत्रिकेवर खूण होणार. एक नियम सगळीकडे कडक होता. मुलानं केंद्रात बसूनच जेवायचं, घरी काही न्यायचं नाही. हा नियम वाचताना आज मन चरकतं. घरी धाकटं भावंड आणि आजारी आई असताना समोरचा वाडगा स्वतःच संपवायचा! पण त्यामागे अनुभव होता. घरी गेलेलं अन्न वाटलं जाई, विकलं जाई, आणि ज्याच्यासाठी ते असे ते मूल अर्धपोटीच राही.

व्हिएन्नात या कामाची सूत्रं क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्याकडे होती. ‘ॲलर्जी’ हा आता घरोघरी पोहोचलेला शब्द १९०६ मध्ये ज्यांनी घडवला, तेच हे बालरोगतज्ज्ञ. मुलाची बैठी उंची आणि वजन यांच्या गणितातून त्यांनी कुपोषणाचा एक आकडा काढला, म्हणजे कोणतं मूल आधी घ्यायचं हे गल्लीतल्या वजनदार माणसाच्या शब्दावर ठरू नये. अन्नाचं मोजमाप त्यांनी दुधावर बसवलं: एक ग्रॅम दुधातून मिळतं तेवढं पोषण म्हणजे एक माप, आणि प्रत्येक पदार्थ त्या मापात मोजायचा. दया आणि गणित यांची इतकी घट्ट सांगड त्याआधी क्वचितच पडली असेल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं खरं मोठेपण इथे आहे.

पोलंडमध्ये एका वेळी तेरा लाखांच्या घरात मुलं रोज जेवत होती. ऑगस्ट १९१९ मध्ये हूव्हर वॉर्सात गेले तेव्हा या केंद्रांतल्या हजारो मुलांची मिरवणूक त्यांच्यासमोरून गेली. त्या मैदानात अचानक एक ससा उठला, मुलांनी रांग मोडून त्याच्यामागे धाव घेतली, त्याला पकडलं आणि हूव्हर यांना भेट म्हणून आणून दिलं, अशी आठवण सांगितली जाते. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्या अंगात चालायचं त्राण नव्हतं ती मुलं सशामागे धावत होती.

पैसा उभा करण्याच्या युक्त्याही या कचेरीनं नवनव्या काढल्या. त्यांतली एक १९२० च्या आरंभाची. अमेरिकेतल्या बँकेत दहा डॉलर भरायचे, त्याची हुंडी युरोपातल्या आपल्या माणसाला पाठवायची, आणि त्यानं ती जवळच्या गोदामात दाखवून पीठ, कडधान्य, खारवलेलं डुकराचं मांस आणि दुधाचे डबे घेऊन जायचे. ज्यू कुटुंबांसाठी मांसाऐवजी सरकीचं तेल घातलेली वेगळी पेटी असे. गिरणगावातून कोकणातल्या घरी जाणाऱ्या मनीऑर्डरचीच ही जातकुळी, फक्त इथे पैशांऐवजी दाणागोटा पोहोचत होता. पैसे पाठवून उपयोग नव्हता, कारण तिकडचं चलन रोज घसरत होतं आणि दुकानं रिकामी होती. या हुंड्यांतून जो नफा उरे, तो मुलांच्या जेवणावर खर्च होई.

तरीही हिशेब जुळेना. तेव्हा हूव्हर यांनी वेगवेगळ्या मदतसंस्थांना एका मंडळात आणलं. रेड क्रॉस, क्वेकरांची सेवा समिती, ज्यूंची संयुक्त वाटप समिती, प्रोटेस्टंट चर्चचा संघ, कॅथलिक मंडळं, तरुण ख्रिस्ती स्त्री-पुरुषांच्या संघटना. एरवी आपापली झोळी जपणाऱ्या या संस्था ‘युरोपियन रिलीफ कौन्सिल’ या एका नावाखाली एकच मागणी घेऊन लोकांपुढे जायला तयार झाल्या. उद्दिष्ट होतं तीन कोटी तीस लाख डॉलर, आणि मुलं पस्तीस लाख. पण लोकांसमोर ठेवला गेला तो याहून फार लहान आकडा. दहा डॉलर म्हणजे एक मूल, पुढच्या सुगीपर्यंत. कोट्यवधींचा आकडा ऐकून माणूस मान हलवतो आणि पुढे जातो. एका मुलाचा हिवाळा मात्र कुणालाही पेलवतो.

आणि मग २९ डिसेंबर १९२० ची संध्याकाळ आली. न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात एक मेजवानी ठरली. पान हजार डॉलरचं. शहरातले बडे सावकार, उद्योगपती, त्यांच्या घरच्या स्त्रिया आल्या होत्या. मुख्य मेजावर एका बाजूला हूव्हर, दुसऱ्या बाजूला युरोपातल्या अमेरिकी फौजांचे युद्धकाळातले सेनापती जनरल पर्शिंग, आणि दोघांच्या मध्ये लहान मुलाची उंच खुर्ची. खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढे एक मेणबत्ती जळत होती. आमंत्रणात ज्याला ‘अदृश्य पाहुणा’ म्हटलं होतं, त्याची ती जागा. वाढायला आलं ते युरोपातल्या केंद्रांवर मुलांना मिळे तेच: भाताचा साधा रस्सा, पाव आणि कोको. एरवी त्या हॉटेलात जे शिजे त्यातलं काहीही नव्हतं.

सर्वसामान्य माणसाच्या वर्षभराच्या कमाईएवढे पैसे मोजायचे आणि भोजनकेंद्रातलं जेवण जेवायचं. कुणी म्हणेल, हा श्रीमंतांनी स्वतःसाठी मांडलेला देखावा. मला तसं वाटत नाही. एक तर त्या जेवणात खोटं काही नव्हतं. ती प्रतीकात्मक चव नव्हती, तर त्याच दिवशी क्राकोमध्ये आणि व्हिएन्नात लाखो मुलांच्या पुढ्यात जे येत होतं तेच होतं. दुसरं म्हणजे, दहा डॉलरला एक मूल हे गणित तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एका पानामागे शंभर मुलांचा हिवाळा निघणार होता. पंचपक्वान्नांचा खर्च वजा जाता उरेल ते दान, अशी आपल्या ओळखीच्या मदत-मेजवान्यांची रीत असते. इथे वजा काही जायचंच नव्हतं. त्या एका रात्रीत लाखो डॉलर जमले, आणि मग अशाच जेवणावळी अमेरिकेतल्या इतर शहरांतही झाल्या.

मोहिमेच्या अखेरीस कौन्सिलची रक्कम सुमारे दोन कोटी नव्वद लाखांवर पोहोचली. ती सगळी कमोडोर हॉटेलातल्या माणसांची नव्हती. शाळेतल्या मुलांची नाणी त्यात होती, चर्चमधल्या थाळ्यांतले पैसे होते, भाव पडल्यानं मका जाळावा की विकावा या विवंचनेत असलेल्या शेतकऱ्यांचाही वाटा होता. पैशाच्या राशीत हजार डॉलरचं पान उठून दिसतं, म्हणून इतिहासात तेवढंच राहतं.

या देणाऱ्या अमेरिकेची महाराष्ट्राशी आधीच एक गाठ पडलेली होती. १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकानं आपल्या वाचकांकडून पैसे गोळा केले. ‘क्विटो’ नावाचं जहाज पाच हजार टन मका घेऊन मे महिन्यात न्यूयॉर्कहून निघालं आणि मुंबईला लागलं. मदतीच्या वाटपात पुढे होते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम. ते मुंबईतच जन्मलेले. या कामासाठी पुढे सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, आणि तिथला खर्चही मोठ्या प्रमाणात परदेशातल्या सामान्य देणगीदारांवर चालत होता. म्हणजे १९२० मध्ये ज्या घरांची दारं हूव्हर ठोठावत होते, त्यांतल्या अनेकांना दूरदेशीच्या मुलासाठी पैसे काढून ठेवायची सवय नगर-पुण्याच्या दुष्काळांनी आधीच लावलेली होती.

जमलेल्या पैशातून तो हिवाळा निभला. जर्मनीतलं काम क्वेकरांकडे होतं, कारण तिथे मदत द्यायला बाकीच्या अमेरिकेचं मन अजून तयार नव्हतं. क्वेकरांनी १९२१ च्या मध्याला तिथल्या दहा लाख मुलांना जेवण पोहोचवलं.

या मदतीमागे राजकारण नव्हतं असं म्हणता येणार नाही. बोल्शेविक क्रांती पश्चिमेकडे सरकू नये यासाठी पोटं भरलेली असावीत, हे हूव्हर उघड बोलत. युद्धकाळात वाढवलेल्या उत्पादनामुळे अमेरिकेत धान्य आणि डुकराचं मांस पडून होतं, त्यालाही वाट हवी होती. पण १९२१ च्या उन्हाळ्यात रशियातल्या व्होल्गाच्या खोऱ्यात दुष्काळ पडला, लेखक मॅक्झिम गॉर्कींनी जगाला साद घातली, आणि याच कट्टर साम्यवादविरोधी माणसानं मदतीची तयारी दाखवली. २० ऑगस्टला रीगा इथे करार झाला. अमेरिकी काँग्रेसनं मका आणि बियाण्यांसाठी दोन कोटी डॉलर मंजूर केले. १९२२ च्या ऑगस्टात रशियात रोज एक कोटीहून अधिक माणसं हूव्हर यांच्या संस्थेचं अन्न खात होती. दुष्काळानं सुमारे पन्नास लाख बळी घेतले. हे जेवण नसतं तर तो आकडा कुठे गेला असता, याची कल्पना करवत नाही.

कमोडोर हॉटेलातली कल्पना मात्र खऱ्या अर्थानं रुजली ती दुसऱ्याच एका संस्थेच्या हाती. तुर्कस्तानातल्या आर्मेनियन नरसंहाराच्या काळात १९१५ मध्ये सुरू झालेली आणि पुढे ‘नियर ईस्ट रिलीफ’ या नावानं ओळखली गेलेली ही संस्था सव्वा लाखांहून अधिक अनाथ मुलं सांभाळत होती. अलेक्झांड्रोपोल, म्हणजे आजचं आर्मेनियातलं ग्युम्री, तिथल्या जुन्या रशियन बराकींत एका ठिकाणी वीस हजारांहून जास्त पोरकी मुलं राहत. १९२२ मध्ये तुर्कस्तानातलं स्मर्ना शहर जळालं, आणि अनातोलियातल्या अनाथाश्रमांतली हजारो मुलं उचलून ग्रीस आणि सीरियात न्यावी लागली.

त्यांच्यासाठी २ डिसेंबर १९२३ हा दिवस ‘गोल्डन रूल संडे’ म्हणून ठरला. अमेरिकी घरात रविवारचं दुपारचं जेवण आठवड्यातलं सगळ्यात भरगच्च. त्या एका रविवारी अनाथाश्रमातल्या मुलांचं जेवण आपल्या टेबलावर मांडायचं, म्हणजे भात किंवा मक्याची भरड, डब्यातलं दूध, पाव, थोडी सुकी फळं, असे साधे पदार्थ. आणि नेहमीच्या खर्चातून जे वाचेल ते आर्मेनियन मुलांना पाठवायचं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी या आवाहनाला पाठिंबा दिला, आणि पुढची काही वर्षं डिसेंबरातला पहिला रविवार असा पाळला गेला.

हजार डॉलरच्या पानापेक्षा मला हे टेबल जास्त मोलाचं वाटतं. इथे हॉटेल नव्हतं, सेनापती नव्हते, छायाचित्रकार नव्हते. घरातल्या मुलांनी आईला विचारलं असेल, आज एवढंच का? आणि आईला उत्तर द्यावं लागलं असेल. आपल्याकडे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, खानावळी त्या वेळी बंद राहू लागल्या, तेव्हा असे प्रश्न मराठी घरांतही विचारले गेले. आपल्याकडे धान्य वाचवायचं होतं, तिकडे पैसा. पण घरातल्या लहानग्याला देशाचं किंवा जगाचं दुःख पहिल्यांदा कळलं ते ताटावरून.

या मदतीची एक उणीव सांगायला हवी, आणि ती हूव्हर यांच्याच पुढच्या आयुष्यात उघडी पडली. अदृश्य पाहुण्याला नाव नव्हतं, आणि हक्कही नव्हता. त्याला जेवण मिळे ते कुणाच्या तरी मनात आलं म्हणून. महामंदी आधीच सुरू झाली होती, त्यात १९३० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत भीषण अवर्षण पडलं. राष्ट्राध्यक्ष हूव्हर शेतकऱ्यांना बियाणं आणि जनावरांचा चारा यांसाठी कर्ज द्यायला तयार झाले. माणसांच्या अन्नासाठी सरकारी पैसा द्यायला मात्र त्यांनी विरोध केला. ते काम रेड क्रॉसनं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करावं, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९३१ मध्ये आर्कान्सातल्या इंग्लंड नावाच्या गावात भुकेले शेतकरी अन्न मागायला बाजारपेठेत चालून आले. बेकारांच्या पत्र्या-लाकडाच्या वस्त्यांना लोकांनी हूव्हर यांचंच नाव दिलं. परक्या मुलांना वाचवणारा माणूस स्वतःच्या देशात निष्ठुर ठरला, हे मला या कथेतलं सगळ्यात दुःखद पान वाटतं. लोकांच्या दातृत्वावर त्यांचा विश्वास मनापासूनचा होता. १९२० मध्ये तो विश्वास खरा ठरला होता, आणि त्याच अनुभवाला ते अखेरपर्यंत चिकटून राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी एकाहत्तर वर्षांच्या हूव्हर यांना पुन्हा बोलावलं आणि जगभरच्या अन्नटंचाईची पाहणी करायला पाठवलं. एप्रिलमध्ये ते भारतातही येऊन गेले. बंगालचा दुष्काळ ताजा होता, दक्षिणेत पाऊस फसला होता, आणि रेशनवरचं धान्य माणशी रोज बारा औंसांवर आलं होतं. मुंबईकर १९४३ पासून रेशनच्या रांगेत उभे होते.

या दौऱ्यात हूव्हर यांच्यासोबत मॉरिस पेट होते. तरुणपणी पोलंडमधली मुलांची भोजनकेंद्रं त्यांनीच सांभाळली होती. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ‘युनिसेफ’ची स्थापना केली आणि तिचे पहिले प्रमुख म्हणून पेट यांना विचारणा झाली. त्यांनी एका अटीवर होकार दिला: हरलेल्या शत्रुदेशांतली मुलंही या कामात धरली पाहिजेत. ती अट मान्य झाली, आणि १९६५ पर्यंत ते त्या पदावर होते.

त्यांच्याच कारकिर्दीत युनिसेफनं आणंदच्या दूध संघाला भुकटी करण्याची यंत्रसामग्री दिली. खेडा जिल्ह्यातलं दूध तेव्हा मुंबईला येत असे, पण हिवाळ्यात ते इतकं वाढे की मुंबई सगळं घेत नसे आणि शेतकऱ्याचं नुकसान होई. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो कारखाना सुरू झाला. यंत्रांच्या बदल्यात संघानं युनिसेफला पैसे द्यायचे नव्हते. जिल्ह्यातल्या गरीब मुलांना मोफत दूध द्यायचं होतं.